पेशवे दप्तर: हक्कांच्या कागदांची दोनशे वर्षं

पुण्यात कौन्सिल हॉलच्या परिसरात एक जुनी दगडी इमारत आहे. सरकारदरबारी ती पुणे पुराभिलेखागार. तिची माहिती असणारे लोक मात्र तिला आजही पेशवे दप्तरच म्हणतात, आणि ज्यांना माहिती नाही ते रोज तिच्यासमोरून जातात. आत लोखंडी मांडण्यांवर कापडात बांधलेले रुमाल ओळीने लागलेले आहेत. गोविंद सखाराम सरदेसाईंनी १९३० च्या दशकात या दप्तराची झडती घेतली, त्या वेळची मोजदाद ३४,९७२ गठ्ठ्यांची आहे. त्यांतले २७,३३२ मोडी, ७,४८२ इंग्रजी, १२९ फारसी आणि २९ गुजराती. एकेका रुमालात शेकड्यांनी कागद. कोणी उभा जन्म घातला तरी एक कोपरासुद्धा वाचून होणार नाही.

एवढा कागद जपला गेला तो कोणाच्या इतिहासप्रेमामुळे नाही. पेशव्यांना सारा हवा होता, कंपनी सरकारला इनामं तपासायची होती, वतनदारांना आपला हक्क शाबीत करायचा होता. कोणाकडून किती येणं आणि कोणाला किती देणं, एवढ्याच प्रश्नासाठी हे कागद लिहिले गेले, सांभाळले गेले आणि पुढे शंभर वर्षं लोकांपासून दडवलेही गेले. इतिहासकार या घरात फार उशिरा आला, तोही पाहुण्यासारखा. दप्तराची वाटचाल सांगताना हे विसरलं की गोष्ट नुसती ग्रंथांच्या याद्यांची होऊन बसते.

पेशवाईत याला हुजूर दप्तर म्हणत. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत कारभार साताऱ्याहून पुण्याकडे सरकत गेला, तसे कागदही सरकले. नानासाहेब पेशव्यांच्या वेळी दप्तराला घडी बसली, थोरल्या माधवरावांनी ती आवळली आणि नाना फडणिसांनी तिचा धाक निर्माण केला. दोनशेहून अधिक कारकून इथे राबत असत. चालते दप्तर हा त्याचा एक मोठा भाग. त्यात फडणिसाच्या देखरेखीखालचा फड, मुलखाच्या वसुलीचे बेहडे, सरदारांचे सरंजाम असे विभाग होते. दुसरा भाग एकबेरीज दप्तराचा. सगळ्या खात्यांचे हिशेब तिथे गोळा होत, खतावले जात, आणि ते दप्तर पुणं सोडून कधी हलत नसे.

याची रीत पाहिली की आजच्या अंदाजपत्रकाची आठवण होते. मामलेदार आपल्या महालात जाण्याआधी वसुलाचा आणि खर्चाचा अजमास ठरायचा. वर्षाखेरीस तो ताळेबंद घेऊन पुण्याला यायचा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून त्याची उलटतपासणी व्हायची. अमुक गावात तूट का, तमुक खर्चाला सनद कुठे, असे प्रश्न निघत. रोजच्या रोज झालेले हुकूम, दिलेल्या सनदा, आलेली-गेलेली रक्कम रोजकीर्दीत तारीखवार चढे. आज आपल्या हातात येतो तो याच रोजच्या लिहिण्याचा साठा आहे, आणि त्यात लढाईपेक्षा बैलांच्या वैरणीचं लिखाण अधिक आहे.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात घडी विस्कटली. मामलती मक्त्याने जाऊ लागल्या. जो जास्त रक्कम कबूल करेल त्याच्या गळ्यात महाल, मग तो रयतेकडून काय आणि कसं उकळतो हे विचारायचं कारणच नाही. ज्याला एकरकमी पैसा मिळतो त्याला तपशिलाचा हिशेब कशाला हवा? दप्तर मोडकळीला आलं त्याचं खरं कारण मला यात दिसतं. आळशी कारकुनांना दोष देणारे बरेच आहेत, पण कारकून धन्याचा कल पाहून लिहितो.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा दख्खनचा कमिशनर झाला आणि मुलूख हातात येताच त्याला पहिली गरज पडली ती दप्तराची. नव्या राज्यकर्त्याला गावंही ठाऊक नव्हती आणि त्यांचा आकारही. जॉन मॅक्लाऊड नावाच्या लष्करी अधिकाऱ्याकडे दप्तराचा ताबा देण्यात आला. त्याने जुन्या कारकुनांना हाताशी धरून कागद गोळा केले, लावले, आणि त्यांतून काय काय निघू शकतं याचा अहवाल तयार केला. एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या प्रसिद्ध अहवालातली महसुलाची पुष्कळशी माहिती याच उठाठेवीतून आलेली आहे.

त्यापूर्वीच, ११ फेब्रुवारी १८१८ ला, एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जाहीरनामा काढला होता. वतनं, इनामं, चालत आलेली वर्षासनं, देवस्थानांचे आणि धर्मादायाचे खर्च यांना धक्का लागणार नाही, असा त्याचा आशय. बाजीरावाच्या बाजूने उभ्या असलेल्या सरदारांना आणि गावोगावच्या वतनदारांना फोडायचं होतं, तेव्हा हे वचन द्यावंच लागणार होतं. पण वचन पाळायचं तर कोणाचं इनाम खरं आणि कोणाचं नुसतं सांगण्यापुरतं, हे ठरवावं लागणार. ते ठरवायचं साधन एकच होतं, ते म्हणजे दप्तर. म्हणजे ज्या दिवशी जाहीरनामा निघाला त्याच दिवशी या कागदांच्या नशिबात पुढचा झगडा लिहिला गेला.

या कागदांचा इतिहासासाठी पहिला मोठा उपयोग करणारा माणूस इंग्रजच होता. साताऱ्याला पोलिटिकल एजंट असलेला जेम्स ग्रँट डफ याला दप्तर खुलं होतं, आणि त्याने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये लंडनला छापून निघाला. त्या इतिहासावर नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी टीका लिहिली तेव्हा ते डेक्कन कॉलेजचे तरुण विद्यार्थी होते. त्या टीकेपासून मराठी माणसाच्या इतिहाससंशोधनाची सुरुवात धरतात. गंमत अशी, की टीकाकाराला आपल्या पूर्वजांचे कागद पाहायची सोय नव्हती आणि ज्याच्यावर टीका झाली त्याला ती पुरेपूर मिळाली होती.

आता इनाम कमिशन. दप्तराच्या चरित्रातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कडू भाग हाच आहे.

१८४० च्या दशकात धारवाड-बेळगावकडे इनामांची चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने तिला पूर्ण अधिकार मिळाले. इनामदाराने आपली सनद दाखवायची, ती पेशवे दप्तरातल्या नोंदीशी जुळवून पाहायची, जुळली नाही तर जमीन खालसा करून सारा चढवायचा. तीन-चार पिढ्या निर्वेध उपभोगलेली जमीन एका कागदाअभावी जाऊ लागली. सनद वाळवीने खाल्लेली, घर जळालेलं, भाऊबंदकीत कागद दुसऱ्या घरी गेलेले, अशी कारणं हजारांनी होती. कमिशनच्या माणसांना ती ऐकायची नसत. आणि उलट बाजूही तितकीच खरी आहे: खोट्या सनदा, खाडाखोड केलेले आकडे, कोण्या कुळकर्ण्याने पैसे घेऊन घुसडलेली नावं यांचाही सुळसुळाट होता. दोन्ही बाजू आपापल्या परीने कागदाचा खेळ खेळत होत्या. फरक इतकाच की निकाल देणारा आणि जमीन घेणारा एकच होता.

याच काळात कमिशनने देशमुख, देशपांडे, कुळकर्णी अशा वतनदारांच्या घरांतली दप्तरंही ताब्यात घेतली. सरकारी नोंद ताडायला गावची नोंद हवी, हा हिशेब. आज पुण्याच्या दप्तरात 'जमाव' म्हणून जे विभाग आहेत त्यांच्यात या गोळा केलेल्या कागदांचा मोठा वाटा आहे. वतनदारांच्या दृष्टीने ही जप्तीच होती. पण वाड्यांच्या माळ्यांवर राहिलेल्या कागदांचं पुढे काय झालं हे आपण जाणतो: उंदीर, पावसाळा, पानिपतानंतरच्या पत्रात पुडी बांधणारा वाणी. जे जप्त झालं ते उरलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं घडलं खरं.

लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख इनाम कमिशनात सहायक कमिशनर होते. त्यांचे वडील बापू गोखल्यांचे फडणीस. पेशवाई बुडाली तेव्हा त्या घराण्याचीही जहागीर गेली होती. शतपत्रांत आपल्या समाजाच्या आळसावर कोरडे ओढणारा हा माणूस पुढे इतरांच्या सनदा तपासायला बसला. त्यांच्या मनात त्या वेळी काय चाललं असेल याची कल्पना करावीशी वाटते, पण पुराव्यावाचून ती न केलेली बरी.

१८५७ च्या आधी दक्षिणेत जी धुसफूस होती तिच्या मुळाशी इनाम कमिशन असल्याचं इंग्रज अधिकाऱ्यांनाही मान्य करावं लागलं. सरकारने मग पवित्रा बदलला. १८६३ च्या दोन कायद्यांनी ठोक तडजोड केली: थोडा सारा कबूल करा, इनाम तुमचं. त्यामुळे तपासणीचा जोर ओसरला, पण दप्तराचं महत्त्व कमी झालं नाही. कर्नल एथरिज या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली कागदांची मांडणी झाली, याद्या तयार झाल्या. त्याने १८७३ मध्ये इनाम कमिशनचा वृत्तांतही छापला. कचेरीचं नाव एलिएनेशन ऑफिस पडलं. सरकारने ज्या जमिनीवरचा सारा सोडून दिलेला आहे तिचा बंदोबस्त पाहणारी ही कचेरी. कोणी वंशपरंपरेचा वर्षासनदार आला, कोणा देवळाच्या पुजाऱ्याला नंदादीपाच्या नेमणुकीचा दाखला हवा झाला, की कारकून रुमाल सोडून नक्कल काढून देई. १८९० च्या सुमाराला आजची दगडी इमारत उभी राहिली.

अभ्यासकाला मात्र दार बंद. याचं कारण सरळ होतं. एकेका सनदेवर सरकारशी दावा लागू शकत होता, आणि राजकीय कागदांतून संस्थानिकांच्या तहांचे, वचनांचे, मोडलेल्या शब्दांचे पुरावे निघण्याची धास्ती होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांना या कागदांची किंमत नेमकी कळली होती. १९०० मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे त्यांनी पेशव्यांच्या रोजनिशीवर निबंध वाचला. बखरी राजांच्या आणि लढायांच्या गोष्टी सांगतात, पण लोक कसे जगत होते, जकात कशी होती, वेठ कशी घेत, दारूबंदी, गुलामांचा व्यवहार, चेटकाच्या तक्रारी, हे सगळं या रोजनिशीत आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मराठी इतिहासलेखनात सामान्य माणसाचा शिरकाव व्हावा यासाठी ज्यांनी पहिल्या विटा रचल्या, त्यांत हा निबंध येतो.

रानड्यांच्या हाताशी सामग्री होती ती रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी काढलेल्या उताऱ्यांची. दप्तर चाळायची परवानगी मिळालेल्या मोजक्या माणसांत वाड होते, आणि त्यांनी हजारो नोंदी वेचून लिहून ठेवल्या. छपाई मात्र त्यांच्या हयातीनंतरची: 'सातारकर महाराज व पेशवे यांची रोजनिशी' या मालेचे खंड १९०२ ते १९११ या काळात डेक्कन व्हर्नाक्युलर ट्रान्सलेशन सोसायटीने काढले. संपादकांत काशिनाथ नारायण साने, दत्तात्रय बळवंत पारसनीस, पुरुषोत्तम विश्राम मावजी ही नावं दिसतात. वाडांचं नाव आज फारसं कोणी घेत नाही. जपानहून हिरोशी फुकाझावांसारखा अभ्यासक पेशवाईतल्या जातिव्यवस्थेवर आणि राज्यसत्तेवर लिहितो तेव्हा तळटीपांतून पानोपानी वाडच बोलत असतात.

इतरांनी बंद दाराचा नाद सोडून दिला. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी वाईच्या घरांतून मिळालेल्या पत्रांवर 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी मिरजेच्या पटवर्धनांचं दप्तर उघडलं. ७ जुलै १९१० ला राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. पारसनिसांनी मेणवलीच्या वाड्यातलं नाना फडणिसांचं दप्तर मिळवलं, ते साताऱ्याच्या संग्रहालयामार्फत १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजात आलं. सरकारने दप्तर उघडलं असतं तर या मंडळींनी घरोघर हिंडण्याचे एवढे कष्ट घेतले असते का, हा विचार मनात येतो. महाराष्ट्रातल्या खाजगी कागदांचा अर्धाअधिक उद्धार सरकारच्या नकारामुळे झाला असं म्हणायला हरकत नाही.

१९१९ मध्ये इंडियन हिस्टॉरिकल रेकॉर्ड्स कमिशन स्थापन झालं आणि बंद दप्तरांचा प्रश्न दरवर्षी चर्चेत येऊ लागला. त्यात सर जदुनाथ सरकार यांचा शब्द वजनदार होता. मुंबईचे गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स यांच्या कारकिर्दीत सरकार नमलं, पण अट घालून. दप्तर सर्वांना खुलं करायचं नाही. एका भरवशाच्या माणसाने ते तपासायचं आणि निवडक कागद छापायचे. जदुनाथांनी सुचवलेला माणूस म्हणजे त्यांचे जुने स्नेही, मराठी रियासतकार गो. स. सरदेसाई. बडोद्याची नोकरी संपवून ते कामशेतला स्थायिक झाले होते. १९२९ मध्ये काम हाती आलं तेव्हा वय चौसष्ट.

त्या वयात त्यांनी जे केलं त्याला तोड नाही. मदतीला मोडी जाणणारी माणसं घेऊन त्यांनी रुमालामागून रुमाल सोडवले. १९३० मध्ये उदगीरच्या लढाईवरचा पहिला खंड निघाला, दुसरा पानिपतच्या आगेमागच्या काळावर, आणि १९३४ पर्यंत 'सिलेक्शन्स फ्रॉम द पेशवा दफ्तर' या मालेचे ४५ खंड सरकारी छापखान्यातून बाहेर पडले. सरकारी कामाच्या आणि संशोधनाच्या दोन्ही मोजमापांनी हा वेग अचाट आहे. मूळ पत्रं मराठीत, मथळे आणि गोषवारे इंग्रजीत, त्यामुळे मोडीचा गंध नसलेल्या अभ्यासकांनाही वाट मिळाली. जदुनाथांनी मोगल साम्राज्याच्या अस्तावर लिहिताना ही पत्रं भरपूर वापरली.

पुण्यात मात्र नाराजी होती, आणि ती निव्वळ मत्सराची म्हणून झटकून टाकता येत नाही. दत्तो वामन पोतदार आणि मंडळाच्या लोकांचं म्हणणं असं, की आयुष्यभर ज्यांनी मोडी वाचली त्यांना बाहेर ठेवून एका माणसाच्या निवडीवर सगळा कारभार सोपवला गेला. निवड करणाऱ्याची नजर जिथे थांबली नाही तो कागद पुन्हा अंधारात गेला. शिवाय घाईमुळे काही पत्रांच्या तारखा चुकल्या, काही संदर्भ सैल राहिले. सरदेसाईंच्या बाजूने बोलायचं तर, सगळ्यांना आत सोडण्याची वाट पाहिली असती तर एकही खंड निघाला नसता. मला विचाराल तर या वादातलं खरं दुखणं तारखांत नव्हतं. सरदेसाईंना राजकारण दिसत होतं: मोहिमा, वकिलांची पत्रं, घरातले तंटे. हिशेबाचे रुमाल, ज्यांच्यासाठी मुळात हे दप्तर उभं राहिलं, ते त्यांनी सोडवले, पाहिले आणि बहुतांशी पुन्हा बांधून ठेवले. आजही छापील पेशवे दप्तर वाचणाऱ्याला अठराव्या शतकात लोक फक्त घोड्यावर बसलेले दिसतात.

इंग्रजी कागदांवर लगोलग 'पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स' ही माला निघाली. तिचा पहिला खंड १९३६ चा, महादजी शिंद्यांवर, जदुनाथांनी संपादलेला. स्वातंत्र्यानंतर पु. म. जोशी यांनी पेशवे दप्तराच्या नव्या मालेचे खंड काढले. मुंबईच्या रेकॉर्ड ऑफिसची परंपरा १८२१ पासूनची. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं ते कार्यालय आणि पुणे, कोल्हापूर, नागपूर, औरंगाबाद इथली दप्तरं राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाखाली आली. हा सगळा प्रशासकीय भाग वाचकाने चार ओळींत उरकला तरी चालेल.

महत्त्वाचं घडलं ते वेगळ्याच कायद्यांमुळे. १९५० मध्ये परगणे व कुळकर्णी वतनं रद्द झाली, १९५२ च्या कायद्याने जातइनामं गेली. दीडशे वर्षांचं दप्तराचं मुख्य गिऱ्हाईक एका झटक्यात नाहीसं झालं. ज्या सनदेने कोणाची जमीन राहत वा जात नाही ती सनद सरकारला निरुपद्रवी वाटू लागते. दार उघडण्यामागे लोकशाही होती हे कबूल, पण सरकारची तिजोरी आता त्या कागदांत अडकलेली नव्हती, हेही कारण धरायला हवं. मग अभ्यासकांची नवी पिढी आली. वि. त्र्यं. गुणे यांनी महजर आणि निवाडपत्रांवरून मराठ्यांची न्यायपद्धती मांडली. ते पुढे गोव्याच्या पुराभिलेखागाराचे प्रमुख झाले. अ. रा. कुलकर्णींनी गावगाडा, बलुतेदार, शेती यांच्याकडे लक्ष वळवलं. हिरोयुकी कोतानी, सुमित गुहा, स्ट्युअर्ट गॉर्डन यांच्यासारख्यांनी याच मराठी कागदांतून जंगल, कर, जात, सरहद्द असे प्रश्न काढले. हिशेबाच्या रुमालांना वाचक मिळाला तो असा, उशिरा.

आज तिथे जाणाऱ्याला फार सोपस्कार नाहीत. विषय लिहून अर्ज करायचा, ओळखपत्र आणि शक्य तर संस्थेचं पत्र जोडायचं, यादीतून रुमालाचा क्रमांक काढून मागणी लिहायची. मांडण्यांपर्यंत कोणी जाऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे. रुमाल टेबलावर येतो, गाठ सुटते, आत पुडकी, पुडक्यांत बंद. शाईपेन बाहेर ठेवायचं, पेन्सिल चालते. घडी उघडताना कागद चरचरतो तेव्हा अंगावर काटा येतो; हाताने केलेला तो कागद बहुधा आपल्या कॉलेजच्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त टिकणार आहे. नवखा माणूस पहिल्याच दिवशी शिवाजी महाराजांचं पत्र सापडेल या आशेने येतो आणि घोड्यांच्या चंदीचा हिशेब पाहून हिरमुसतो. इथे शिवकाळ थोडा आहे, पेशवाई अफाट आहे.

पहिली भिंत लिपीची. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्ह नाही, शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने ठरवायचं. राजश्रीचा नुसता रा। होतो, काही खुणांचे दोन-दोन अर्थ निघतात, आणि प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं. संचालनालयाकडून मोडीचे अल्प मुदतीचे वर्ग चालतात, त्यांत मुळाक्षरं येतात. कागद वाचता येणं ही नंतरच्या काही वर्षांची मेहनत. दुसरी भिंत तारखेची. 'छ ५ रजब, सन समान सबैन मया व अलफ' असं दिसलं तर मागून सुरुवात करायची: अलफ हजार, मया शंभर, सबैन सत्तर, समान आठ, सुहूर सन ११७८. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणजे १७७७ च्या पावसाळ्यापासून पुढचे बारा महिने. रजब हा चांद्रमास त्यात १७७७ च्या ऑगस्टमध्ये पडतो. म्हणजे पुरंदरचा तह होऊन गेलेला, सवाई माधवराव तीन वर्षांचे, कारभार नाना-सखाराम बापूंच्या हाती. एवढं कळलं की मग चंदीचा हिशेबही बोलायला लागतो.

मोडी जाणणाऱ्यांना मधली कित्येक वर्षं कोणी विचारत नव्हतं. २०२३ मध्ये चित्र पालटलं. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तहसील कचेऱ्या, भूमी अभिलेख, शाळा, पुराभिलेखागारं यांतले जुने कागद बाहेर निघाले. मोडी वाचकांच्या दारात गाड्या थांबू लागल्या. आरक्षणाच्या प्रश्नावर ज्याचं त्याचं मत असेल. दप्तराच्या बाजूने पाहणाऱ्याला एवढं दिसतं की माणूस पुन्हा हातात हक्काची मागणी घेऊन इथे आला आहे, आणि कारकून पुन्हा नोंद जुळवून पाहतो आहे. देवस्थानांचे विश्वस्त तर कधी यायचे थांबलेच नव्हते, कारण देवस्थान इनामांचे तंटे अजून कोर्टांत चालू आहेत. वाचनकक्षात प्रबंधाचा विद्यार्थी आणि वकिलाचा माणूस एकाच टेबलावर बसतात, आणि बहुतेक वेळा वकिलाच्या माणसाला आपल्याला काय हवं ते अधिक नेमकं माहीत असतं.

रुमालांच्या प्रतिमा संगणकावर घेण्याचं काम सुरू आहे, ते व्हायलाच हवं. पण प्रतिमेला नाव देताना कागद वाचणारा माणूस लागतो, आणि तो यंत्राने अजून पुरवलेला नाही. जुन्या याद्या हिशेबनिसांच्या सोयीने केलेल्या आहेत: घडणी, रोजकीर्द, प्रांत अजमास, पागा, चिटणिशी, शाहू दप्तर, आंग्रे दप्तर, अमुक-तमुक जमाव. विषयवार यादी मागणाऱ्याची इथे निराशा होते. विधवांच्या वारसाहक्कावर काम करायचं असेल तर त्या नावाचा रुमाल मिळणार नाही; ते कागद दंड-फुरोईच्या जमेत, महजरात, नाहीतर एखाद्या वर्षासनाच्या फेरफारात दडलेले असतात.

म्हणून आपल्या गावाचा शोध घेणाऱ्याने सुरुवातीला रोजकीर्दीच्या मागे लागू नये. तिथे गाव वर्षातून एखाद्या ओळीत येतं आणि ती ओळ नेमकी कुठे हे सांगणारी सूची नाही. त्याने त्या जिल्ह्याचा जमाव मागावा. इनाम कमिशनने घराघरांतून उचललेले कागद तिथे आहेत, आणि गावची भांडणं, वाटण्या, पाटीलकीचे करीने मिळाले तर तिथेच मिळतात. मागणीपत्रावर आजच्या तालुक्याचं नाव लिहून उपयोग नाही. जेजुरीकडच्या माणसाने पुरंदर तालुका न लिहिता प्रांत पुणे, तर्फ कऱ्हेपठार असं लिहावं. घरात जुन्या सनदेचा तुकडा, सातबाऱ्याचा जुना उतारा किंवा देवळातली काही नोंद असेल तर तिची नक्कल सोबत न्यावी; दप्तरातल्या जाणत्या माणसाला तीवरून पुढचा रुमाल सुचतो.